मोज्याची टाच

पहिला मोजा माझ्या लेकीनं स्वतःच्या हातानं घातला तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि त्याच्याआधी जवळजवळ पाच महिने आम्ही रोज सकाळी त्याच एका मोज्याच्या मागे लागलो होतो. यात काय एवढं असं कुणालाही वाटेल, मलाही तिच्या जन्माआधी वाटलं असतं, म्हणून आधी तो मोजाच नीट सांगते.

तिला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला अगदी लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाली नीट न जमणं, आणि त्यातला स्पॅस्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय आखडलेले. दहा आठवडे आधी जन्मली. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूत मधल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो आणि पायांकडे जाणाऱ्या तारा नेमक्या त्या पोकळ्यांना चिकटून जातात, हातांकडे जाणाऱ्या जरा लांबून. त्यामुळे तिथे इजा झाली की पाय जास्त आखडतात आणि हात बऱ्यापैकी वाचतात. डॉक्टरांनी मला हे कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, तो कागद अजून फाईलमध्ये आहे, पेनाच्या दोन रेघा आणि त्यातल्या एका रेघेवर छोटी फुली.

आता मोजा. मोजा घालायचा तर आधी बसता यायला हवं. पाय लांब करून जमिनीवर बसलं की तिच्या मांडीमागचे स्नायू इतके ओढतात की कंबर मागे कलते, पाठीला बाक येतो, आणि मागे कोलमडू नये म्हणून दोन्ही हात जमिनीला टेकवावे लागतात, आणि हातच टेकलेले असले तर मोजा धरणार कशानं? बरं, कसाबसा धरला तरी जोर लावला की तो फक्त हातात जात नाही, पायातही जातो, पाऊल खाली ताणलं जातं, बोटं वळतात आणि मोज्यात शिरायचं सोडून काठालाच अडकून बसतात. घाई केली की ते अजून वाढतं. "चल लवकर आटप" हे वाक्य तिच्या कानांच्या आधी तिच्या पायांना ऐकू जातं, हे मी रोज बघितलेलं आहे.

ओटी मॅडमनी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, पहिल्या दिवशी मोज्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी तिला बुटक्या स्टुलावर बसवलं, स्टूल खोलीच्या कोपऱ्यात सरकवलं म्हणजे पाठीला भिंत आणि एका बाजूलाही भिंत, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवले आणि मला म्हणाल्या, बघा आता तिचे हात. दोन्ही हात मोकळे होते. इतकी वर्षं मी ज्याला हातांचा प्रॉब्लेम समजत होते तो बसण्याचा होता! मग त्यांनी मोजे बदलायला सांगितले, इलॅस्टिक सैल असलेले आणि टाचेचा भाग वेगळ्या रंगाचा, म्हणजे टाच कुठे जायला हवी ते तिला डोळ्यांनी दिसेल.

आणि मग उलटीकडून सुरुवात. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. मोजा बोटांवरून, पावलावरून, टाचेवरून सगळा मॅडम चढवणार आणि घोट्यापासून वर ओढायचा शेवटचा एक झटका तेवढा तिचा. दोन आठवडे फक्त तेवढंच. मला सुरुवातीला हे पटलं नव्हतं, वाटलं हे तर आपणच घालतोय, ही फक्त काठ ओढतेय. पण यातली गोम अशी की काम संपवणारे हात तिचे असतात. सरळ पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं तर तिनं बोटांशी झटापट केली असती, दमली असती, आणि उरलेलं आपण "बरं दे" म्हणून पूर्ण केलं असतं, म्हणजे रोजच्या रोज शेवट आईच्या हातात. उलटीकडून गेलं की रोज शेवट तिचा. हळूहळू आपण एकेक पायरी आधी थांबायचं, मोजा टाचेच्या खाली सोडायचा, मग पावलाच्या मध्यावर, मग बोटांवर, मग नुसता हातात द्यायचा.

टाचेपाशी आम्ही जवळजवळ अडीच महिने अडकलो. मोजा टाचेवरून न्यायचा म्हणजे हात मागे नेऊन कापड एकाच वेळी बाहेर ताणायचं आणि वर ओढायचं, दोन दिशा, आणि हे चालू असताना पाऊल जमिनीवरून थोडं उचलायचं, म्हणजे बसण्याचा तोलही गेला. ती अंगठे आत घालायची, ओढायची, मोजा टाचेच्या बरोबर खाली गोळा व्हायचा. परत. परत. आणि मी समोर बसलेली, आणि माझे हात आपोआप पुढे जायचे, मला कळायच्या आत.

"आई, हात मागे," मॅडम म्हणायच्या. थेरपीच्या खोलीत आपल्याला नाव नसतं, सगळ्या बायका आई असतात आणि सगळे पुरुष बाबा. "आई, हात मागे. दहा मोजा मनात."

दहा हा आकडा ऐकायला सोपा आहे. पोरगी आपली, मोजा अर्ध्या बोटावर अडकलेला, ओठ चावून ओढतेय, आणि आपण तीन, चार, पाच. करून बघा. बहुतेक मोठी माणसं चारच्या पुढे जात नाहीत, मी तर नाहीच. सासूबाईंना ते बघवायचंच नाही, "अगं दे की घालून, किती वेळ बसवशील पोरीला," म्हणायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांना ते प्रेमानं वाटायचं. मी एकदा त्यांना सेशनला घेऊन गेले. मॅडमनी त्यांना काही समजावलं बिमजावलं नाही, फक्त म्हणाल्या आजी तुम्ही माझ्याबरोबर मोजा, मोठ्यानं. नंतर घरी सासूबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या आणि मोजायच्या. त्यांनी घरात सगळ्यात आधी हे शिकून घेतलं, माझ्याही आधी.

ज्या दिवशी टाच गेली त्या दिवशी घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही, मी डबा भरत होते. लेकीनं पायाकडे बघितलं, मोजा नीट वरपर्यंत गेला होता, आणि तिनं तो काढला. ओढून काढला आणि परत घालायला घेतला. मी वळले तेव्हा दुसरी फेरी चालू होती.

पुढे अजून एक गोष्ट होती ती म्हणजे सळ. तिला मोज्यावर एएफओ घालायचे असतात, घोट्याला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे स्प्लिंट, आणि मोज्याला आत एक जरी सळ राहिली तरी दिवसभरात तिथे लाल वळ उठतो, कधी कातडी सोलवटते. म्हणजे मोजा घातला हे पुरेसं नाही, सळ नसलेला घातला पाहिजे. इथे तर माझे हात अगदीच शिवशिवायचे, कारण ही गोष्ट हौसेची नाही, जखमेची आहे. मॅडमनी तिला डोळे मिटून बोटांनी मोज्यावरून हात फिरवायला शिकवलं, उंचवटा लागला की थांबायचं, वर ओढायचं, परत फिरवायचं. मग एएफओत टाच पूर्ण खाली बसली का ते बघायचं, आधी घोट्याचा पट्टा आवळायचा मग वरचा. आणि संध्याकाळी काढल्यावर लाल खुणा बघायच्या, अर्ध्या तासात गेल्या तर ठीक, नाही गेल्या तर आईला सांगायचं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, की स्वतःच्या शरीराची खबर तिनं मला द्यायची, मी तिचे पाय तपासत बसायचं नाही.

हे सगळं मी आता शांतपणे लिहितेय, पण या मॅडमकडे येण्याआधीची काही वर्षं अशी नव्हती. त्याआधी जिथे आम्ही जायचो तिथे आईवडिलांना बाहेर बसवायचे आणि दार लावून घ्यायचे. आतून तिच्या रडण्याचा आवाज यायचा आणि बाहेर आम्ही चारपाच बाया एकमेकींकडे न बघता बसलेल्या असायचो. तिला मोठ्या चेंडूवर पालथं घालून हलवायचे, पाय हातानं धरून "नॉर्मल" हालचाल करून घ्यायचे, स्ट्रेचिंग करायचे, ती रडतेय म्हणजे काम होतंय असा एकूण सूर. मी कधी विचारलं नाही की यातून ती नेमकं काय करायला शिकणार आहे. विचारायला हवं होतं. लोक चांगले होते, मनापासून करत होते, पण सगळं काम तिच्यावर चाललं होतं, ती काहीच करत नव्हती.

नंतर मला कळलं की हा प्रश्न जगभर विचारला गेलेला आहे आणि त्याची बऱ्यापैकी उत्तरंही आहेत. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधक आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपीच्या जवळपास सगळ्या उपचारांचे पुरावे एकत्र करून त्यांना सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. हिरव्यात काय आलं तर मूल आणि घरचे मिळून ठरवतात ते एक ठरावीक काम डोळ्यांसमोर ठेवून त्याचाच सराव करणं, दोन्ही हातांनी करायच्या कामांचा सराव, चांगल्या हाताला थोडा वेळ बांधून कमजोर हाताला कामाला लावणं, आणि नीट आखलेला होम प्रोग्रॅम. म्हणजे मुलानं स्वतः केलेल्या गोष्टी. आणि थेरपिस्टनं मुलाला धरून हालचाली करून घ्यायच्या जुन्या पद्धती हिरव्यात आल्या नाहीत. मी हे वाचलं त्या रात्री मला खूप राग आला, त्या जागेचा नाही, त्या बंद दाराबाहेर गप्प बसलेल्या माझा. मग दुसऱ्या दिवशी मोजा होताच.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत तरी काय, तेव्हा रडू आलं होतं. सेंटरमध्ये तिला मोजा जमला त्यानंतर घरी महिनाभर जमत नव्हता. मला वाटलं नखरे करतेय. मॅडम म्हणाल्या घरी स्टूल कुठे आहे, खोलीत कोण कोण असतं, किती वाजता घालते? घरी ती पलंगाच्या कडेवर बसून घालत होती, पलंग उंच, पाय लोंबते, टीव्ही चालू, आणि बस यायला बारा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये अपंगत्वाकडे बघायची एक चौकट काढली, आयसीएफ म्हणतात तिला, त्यात या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, सगळं जुळवून दिलेल्या ठिकाणी माणूस काय करू शकतो आणि रोजच्या जगण्यात खरोखर काय करतो. दोघांच्या मध्ये पलंगाची उंची असते, आईची घाई असते, टीव्ही असतो. आम्ही एक स्टूल करून घेतलं आणि वीस मिनिटं लवकर उठायला लागलो. तिच्या पायांत त्या आठवड्यात काहीच बदललं नव्हतं.

चालण्याबद्दल लिहायचं टाळत होते पण लिहायला हवं, कारण सगळे तेच विचारतात, चालेल ना? २००२ मध्ये कॅनडातल्या पीटर रोझेनबॉम आणि त्यांच्या टीमनं सीपी असलेल्या शेकडो मुलांच्या हालचालींची वर्षानुवर्षं नोंद ठेवून आलेख छापले. त्याआधी १९९७ मध्ये याच लोकांनी पाच लेव्हल ठरवल्या होत्या, जीएमएफसीएस म्हणतात, लेव्हल एक म्हणजे आधाराशिवाय चालणारी मुलं, पाच म्हणजे जिला मान सावरणंही अवघड. माझी लेक तीन, वॉकर घेऊन चालणारी. त्या आलेखात प्रत्येक लेव्हलची रेघ आधी भरभर वर चढते आणि मग सपाट होते, लेव्हल एकची साधारण पाच वर्षांच्या आसपास, लेव्हल पाचची तीनच्याही आत. म्हणजे उभं राहणं, चालणं यातलं जे काही मिळवायचं त्यातला बहुतेक भाग तोवर मिळालेला असतो.

ती सहा वर्षांची होती तेव्हा मी तो आलेख बघितला. बराच वेळ बघत बसले. तिची रेघ सपाट झालेली होती.

पण मोज्याचा त्या आलेखात कुठे पत्ता नाही. तो आलेख रांगणं, बसणं, उभं राहणं, चालणं, पायऱ्या चढणं एवढंच मोजतो आणि त्यात तो खरा आहे, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मोजा, बटण, चमचा, पेन्सिल, दप्तराची चेन, स्वतःचे केस, फोनवर बोलणं, रागावणं, मैत्रिणीला नाही म्हणणं, यांच्या रेघा त्यानं काढलेल्याच नाहीत. त्याच रोझेनबॉम यांनी यान विलम खोर्टर यांच्याबरोबर २०१२ मध्ये एक लेख लिहिला, इंग्रजीत एफ अक्षरावरून सुरू होणाऱ्या सहा शब्दांचा, फंक्शन, फॅमिली, फिटनेस, फन, फ्रेंड्स आणि फ्यूचर, की मुलाचा विचार यातून करा. ज्या माणसांनी ते आलेख काढले त्यांच्यातल्याच एकानं नंतर हे लिहावं याचा मला फार आधार वाटला. फंक्शनचा त्यांचा अर्थही असा की काम कसं केलं याला महत्त्व नाही, केलं याला आहे. मोजा दातानं ओढला तरी चालेल.

वेटिंग रूममध्ये एक मुलगा यायचा, नऊदहा वर्षांचा, बोलत नाही, हातही फारसे ऐकत नाहीत, त्याच्या व्हीलचेअरच्या ट्रेवर चित्रांचा बोर्ड असायचा. त्याच्या आईला सुरुवातीला बोर्ड नकोच होता, बोर्डाची सवय लागली तर बोलायचं राहून जाईल अशी तिला भीती, आणि ही भीती सगळ्यांनाच असते. २००६ मध्ये यावर आधीच्या अभ्यासांचा आढावा निघालाय, त्यात खात्रीच्या पुराव्यांमधल्या एकाही केसमध्ये बोर्ड किंवा तसली साधनं दिल्यामुळे बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं का होईना वाढलं होतं. तर त्याच्या आईनं मला एक दिवस सांगितलं, स्पीच मॅडमनी त्याला पहिलं चित्र कुठलं शिकवलं असेल? मला वाटलं पाणी, किंवा आई. ते होतं "नको".

आठवडाभर तो प्रत्येक गोष्टीला नको म्हणत होता, आंघोळीला, शर्टाला, व्यायामाला, आजोबांनी गालाला हात लावला त्यालाही. घरचे वैतागले. स्पीच मॅडम म्हणाल्या जिथे शक्य आहे तिथे त्याचं ऐका, नाहीतर त्या चित्राचा काही उपयोग नाही हे तो आठवड्यात शिकेल. आईनं निळा शर्ट परत ठेवला, दुसरा काढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं न घातलेला शर्ट, असं ती म्हणाली आणि मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, त्याच्या सातव्या कलमात आहे की अपंग मुलांना त्यांच्याबाबतच्या गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे आणि ते मांडायला लागणारी मदत मिळायचाही. कायद्याची भाषा वाचताना मला नेहमी तो निळा शर्टच दिसतो.

या मुलामुळे माझं एक मत बदललं. तोपर्यंत मी स्वावलंबन म्हणजे एक यादी धरून चालले होते, मोजा झाला, बटण झालं, आता आंघोळ, आता पायऱ्या, जितक्या खुणा जास्त तितकी पोरगी सुटी. पण तो मुलगा तर मोजा कधीच घालणार नाही. मग त्याच्या वाट्याला काहीच नाही का?

एड रॉबर्ट्स नावाचे एक गृहस्थ होते अमेरिकेत. १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ सगळं लुळं पडलं, रात्री श्वासासाठी लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे हवेचा दाब बदलून श्वास चालवणाऱ्या नळकांड्यासारख्या यंत्रात, झोपावं लागायचं. शाळेनं पास व्हायचं सर्टिफिकेट अडवलं कारण पीटीचे आणि गाडी शिकायचे तास पूर्ण नव्हते, त्यांची आई झोना हिनं भांडून ते मिळवलं. सरकारी पुनर्वसन खात्यानं आधी सांगितलं की हा इतका अपंग आहे की कधी कामच करू शकणार नाही, याच्यावर खर्च कशाला. ते १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले, १९७२ मध्ये तिथे अपंगांनी अपंगांसाठी चालवलेलं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं राहिलं त्यात ते होते, आणि १९७५ मध्ये त्याच पुनर्वसन खात्याचे ते प्रमुख झाले. स्वतःच्या हातानं ते पाण्याचा पेला उचलू शकत नव्हते. त्यांचं आणि त्यांच्या सोबत्यांचं सगळं म्हणणं हे की माणूस मदतीशिवाय किती कामं करतो यावरून त्याचं स्वातंत्र्य मोजू नका, स्वतःच्या आयुष्याचे निर्णय कोण घेतं ते बघा. मी हे वाचलं आणि झोनाबद्दल विचार करत राहिले, की तिनं किती वेळा हात मागे घेतले असतील, आणि तिला तर रोज जेवणापासून सगळंच हातानं करावं लागत असणार. हात चालू ठेवून मागे घ्यायचे, हे कसं जमवलं असेल बाईनं.

व्हीलचेअरच्या वेळी मला हे उपयोगी पडलं. लेक आठ वर्षांची झाली तेव्हा शाळेतली अंतरं वाढली, आणि फिजिओ म्हणाले लांबच्या अंतरासाठी आता चेअर घेऊया. मी घरी येऊन रडले. इतकी वर्षं वॉकर घेऊन एकेक पाऊल टाकायला शिकवलं ते काय यासाठी, चेअर घेतली की चालणं सुटेल, हार मानल्यासारखं होईल, सगळं मनात आलं. फिजिओंनी एकच सांगितलं, मधल्या सुट्टीत ती मैदानापर्यंत पोचते कधी ते बघून या. बघून आले. ती पोचायची तेव्हा सुट्टी संपायला तीन मिनिटं असायची आणि घाम पुसत वॉकरला टेकून उभी असायची, मग घंटा व्हायची आणि परत उलटा प्रवास. अशा मुलांना चालायला बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, ती सगळी ताकद मैदानाच्या रस्त्यातच संपत होती. चेअर आली. चालणं सुटलं नाही, घरात, वर्गात, जवळपास अजून वॉकर असतो. पण आता मधल्या सुट्टीत ती खेळात असते, आणि एका मैत्रिणीशी तिचं चक्क भांडण झालं, महिनाभर अबोला. भांडायला वेळ मिळायला लागला म्हणून मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगू शकले नाही, इथे सांगते.

आणि मग मागच्या वर्षी, ती दहाची, परीक्षेच्या दिवशी सकाळी स्टुलावर बसून म्हणाली, "आई, आज मोजे तू घाल."

"का गं, तुला येतात ना?"

"येतात. पण आज लिहायचंय खूप. हात दमवायचे नाहीयेत."

माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पाच महिने, ती टाच, ते मोजणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि वाटलं एकदा घातले की रोजच मागेल. मी घातले. सळ काढली, एएफओ बसवले, तिनं वरून बोटं फिरवून बघितलं, डाव्या पायाचा म्हणाली परत ओढ, नीट नाहीये. मी परत ओढलं. मॅडमना नंतर विचारलं हे बरोबर केलं का, त्या म्हणाल्या तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून घातले? तिच्याच ना, मग झालं. आता साधारण असं आहे की सुट्टीच्या दिवशी ती घालते, पेपर असला की मी, आणि कुठला दिवस कसला ते ती ठरवते. मला अजूनही पूर्ण सवय झालेली नाही. येतं ते रोज करायलाच हवं हे माझ्या हाडात भिनलंय.

सध्या आमचं बाथरूम चालू आहे. भिंतीला दोन बार बसवले, एक आडवा एक तिरका, वॉकर सोडून बार, बारावरून वळून बसणं, हे सगळं मॅडमबरोबर तीनतीनदा करून झालं. त्याआधी त्यांनी तिला पडायला शिकवलं. म्हणजे खरंच, गादीवर, तोल गेला तर हात कसे पुढे घ्यायचे, डोकं कसं वाचवायचं, आणि पडल्यावर जमिनीवरून उठायचं कसं, पालथं होऊन, गुडघ्यांवर येऊन, जे पक्कं असेल ते धरून. मला तो व्यायाम बघवत नव्हता पण त्यांचं म्हणणं साधं होतं, जिला पडून उठता येतं तिलाच घरचे एकटं सोडतात.

कडीचा विषय तिनं काढला. बाथरूमची कडी वर होती, तिच्या हाताला लागायची नाही, त्यामुळे दार नुसतं लोटलेलं आणि बाहेर मी किंवा आजी. अकरा वर्षांची मुलगी, आणि लोटलेलं दार. मला हे सुचायला हवं होतं. आम्ही खाली तिच्या उंचीला नवीन लॅच बसवलं, बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल असं, आणि ते तिला सांगून ठेवलं, की अगदीच काही झालं तर उघडू, हाक मारल्याशिवाय उघडणार नाही.

परवा पहिल्यांदा तिनं आतून लावलं. खट्ट आवाज आला. मग वॉकर भिंतीला टेकल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मी दाराबाहेर उभी, तोंडानं मोजत होते, चाळीसच्या पुढे गेले असेन.

"आई?"

"हां, बोल. काय झालं?"

"तू तिथेच उभी आहेस का?"

"हो."

"मग जा ना."

मी स्वयंपाकघरात गेले. करायला काहीच नव्हतं, सगळं आवरून झालं होतं. ओट्यापाशी उभी राहिले आणि आतून पाण्याचा आवाज येत होता तो ऐकत राहिले.